खटाऱ्याचा पक्ष

जालन्याला बियाणे न्यायला आलेले चार शेतकरी मस्तगडला चहाला बसले होते. मीही टेकलो. बोलणे निवडणुकीवर गेले. एक तरुण म्हणाला, "साहेब, लहान पक्षाला मत म्हणजे खडकावरची पेरणी." शेजारचे म्हातारबा म्हणाले, "बाळा, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजाच्या हाताला काम मिळावं म्हणून कोण कोण भांडलं, ते घरी विचार."

मत कोणाला द्यावे हे सांगणे माझे काम नव्हे. पण म्हातारबांचा रोख ज्या शेतकरी कामगार पक्षाकडे होता, त्याची हकिकत शेतकऱ्याच्या घरात ठाऊक असावी.

१९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि हा पक्ष उभा राहिला. झेंडा लाल, निवडणुकीची खूण खटारा. १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादी विचाराचा ठराव केला. पण पुढाऱ्यांत मतभेद झाले. १९५४ साली खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. गावोगावी सहकारी संस्था काँग्रेसच्या हाती गेल्या, तसा कार्यकर्ताही तिकडे वळला. राज्याची सत्ता या पक्षाला स्वबळावर कधीच मिळाली नाही.

मग राहिले काय? राहिली माणसे आणि त्यांची मागणी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा आमदार झाले. एसटीने फिरणारा हा माणूस दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी अखेरपर्यंत झगडला. आपल्या मराठवाड्यात कंधारचे केशवराव धोंडगे सभागृह दणाणून सोडीत. प्रा. एन. डी. पाटील १९७८ साली सहकारमंत्री झाले. कापूस एकाधिकार खरेदी तेव्हा राज्यात चालू होती, हे आपल्या भागातल्या जुन्या कापूसवाल्यांना आठवत असेल.

आता रोजगार हमीचे. ही योजना मांडली काँग्रेसच्या वि. स. पागे यांनी, ते श्रेय त्यांचेच. पण दुष्काळात मोर्चे काढून सरकारला जागे ठेवण्याचे काम डाव्या पक्षांनी केले, त्यात शेकापही होता. १९७७ साली राज्यात कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

माझे वडील त्या दुष्काळात खडी फोडायला जात. त्या मजुरीवर आमच्या घरची चूल पेटली, म्हणून मी पुढे शिकलो.

२०२४ साली सांगोल्यात गणपतरावांचे नातू याच पक्षाकडून निवडून आले. पक्ष आज लहानच आहे. पण त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "गड्या, पेरणाऱ्याच्याच खळ्यात सगळे पीक येते असे नाही. कोण जिंकला हे जरूर बघ. पण आपल्यासाठी कोणी काय मागितले, तेही बघत जा. आणि स्वतः मागायला लाजू नको."