चिकट कागदाचे यंत्र

आषाढाच्या सरी सुरू झाल्या, की अचलपूरच्या बाजारात माश्यांचे राज्य सुरू होते. गुळाच्या ढेपेवर, मिठाईच्या परातीवर, कापून ठेवलेल्या फळांवर त्यांचे थवे बसतात. दुकानदार हातातील फडके हलवितो; माश्या क्षणभर उडतात, आणि फडके थांबताच पुन्हा त्याच जागी येऊन बसतात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतील एका किराणा दुकानात आढ्याला एक पिवळसर, चकचकीत पट्टी टांगलेली असे. तिच्यावर बसलेली माशी पुन्हा उडत नसे. सामान बांधून मिळेपर्यंत आम्ही मुले त्या पट्टीकडे टक लावून पाहत असू. माश्या किती अडकल्या याची मोजदाद इतर मुले करीत. मला मात्र निराळाच प्रश्न पडे. ज्या कागदाला माशीचा पाय लागला असता सुटत नाही, तो कागद तयार करणारे यंत्र स्वतःच त्याला कसे चिकटून बसत नाही? त्याची चाके कशी फिरतात? कागद कापणारी सुरी कशी चालते? घरी विचारले, तेव्हा परवचा म्हणावयास बसविण्यात आले. या प्रश्नाचे उत्तर मिळावयास मला पुढे बरीच वर्षे लागली.

प्रथम माशीचा विचार करू. घरात वावरणाऱ्या माशीला दात नाहीत. तिला केवळ पातळ अन्न शोषून घेता येते. साखरेच्या कणावर बसली, तर ती आपली लाळ त्यावर सोडते, कण विरघळविते आणि मग तो रस ओढून घेते. उकिरड्यावर बसलेली माशी तेथील घाण पायांना व तोंडाला लावून आपल्या ताटापर्यंत येते. हगवण, कॉलरा, विषमज्वर या रोगांचे जंतू अशा रीतीने पसरू शकतात. तिची वाढही झपाट्याने होते. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि उष्ण, दमट दिवसांत सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होते.

छताला उलटी चालणारी ही माशी कागदावर का अडकावी? तिच्या प्रत्येक पायाच्या टोकाशी दोन नख्या आणि दोन मऊ गाद्या असतात. गाद्यांवर अतिशय बारीक केस असून ते किंचित ओलसर, तेलकट असतात. म्हणूनच गुळगुळीत काचेवरही तिला सहज चालता येते. परंतु चिकट कागदावर याच गाद्या तिचा घात करतात. एक पाय रुतला, की तो सोडविण्यासाठी ती उरलेल्या पाच पायांवर जोर देते, आणि तेही रुततात. पंख फडफडविताना पंखही चिकटतात. चिखलात रुतलेल्या बैलगाडीचे चाक जोराने फिरविले असता ते अधिकच खोल जाते, तसाच हा प्रकार होय.

चीक लावून प्राणी धरण्याची युक्ती जुनी आहे. पक्षी धरणारे लोक वडापिंपळाचा चीक काठीला फासून ती झाडावर ठेवीत. माश्यांसाठी मात्र पाश्चात्त्य देशांत पूर्वी विषारी कागद वापरला जात असे. त्यात सोमलासारखे जहाल विष भिनविलेले असे. तो कागद बशीतील पाण्यात भिजत ठेवावयाचा आणि ते पाणी पिऊन माश्या मरावयाच्या. ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात अशी बशी उघडी ठेवणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स या गावी थम नावाच्या बंधूंनी बिनविषारी चिकट कागद मोठ्या प्रमाणावर तयार करावयास आरंभ केला. त्यांच्या ‘टँगलफूट’ या कागदाचे नाव दूरवर पसरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वायब्लिंगेन गावचे थिओडोर कायझर या मिठाईवाल्याने छोट्या नळकांड्यातून ओढून काढता येणारी टांगती पट्टी प्रचारात आणली. खडीसाखर, पाक, गोळ्या यांच्या सहवासात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला माश्यांचा हा तोडगा सुचावा, यात नवल ते काय!

आता त्या चिकट पदार्थाकडे वळू. त्यात मुख्यतः दोनच वस्तू असत : राळ आणि एरंडेल. हिमालयाच्या उतारावर चीड नावाचे वृक्ष आहेत. त्यांच्या खोडाला खाच पाडली, की दाट चीक पाझरतो. तो तापविला असता टर्पेंटाइनचे तेल वाफेच्या रूपाने निघून जाते आणि मागे पिवळ्या काचेसारखी राळ उरते. थंड राळ ठिसूळ असते. बोटाने दाबली तर तिचा चुरा होतो. परंतु ती एरंडेलात वितळविली, की मधासारखा दाट आणि विलक्षण चिकट पदार्थ तयार होतो. चिकटपणा राळेचा, आणि तो चिकटपणा वाळू न देण्याचे काम एरंडेलाचे.

येथे तेलाची निवड फार महत्त्वाची आहे, आणि ती मला फजिती होऊन कळली. वयाच्या बाराव्या वर्षी मी घरीच असा कागद करून पाहिला. राळ बाजारातून आणली. एरंडेल कडू औषध म्हणून आईच्या कपाटात कुलपात होते. तेव्हा मी त्याऐवजी जवसाचे तेल घेतले. तेल ते तेल, अशी माझी समजूत! दोन्ही वस्तू मंद आचेवर एकत्र केल्या आणि जुन्या पुठ्ठ्यावर फासल्या. (हे काम मी घरी कोणी नसताना केले. राळ क्षणात पेट घेते; तुम्ही तसे करू नये.) पहिल्या दिवशी दोन माश्या सापडल्या. आठ दिवसांनी पाहतो तो पुठ्ठा आरशासारखा चमकत होता आणि त्यावरून माश्या खुशाल फिरत होत्या. शेजारच्या सुतारकाकांनी पुठ्ठ्यावर बोट फिरविले आणि ते हसत सुटले. “अरे पोरा, हे त रोगन झालं! याले माशी कायले चिकटते?”

त्यांचे म्हणणे खरे होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचा कठीण पापुद्रा बनतो. म्हणून तर ते रंगात व रोगणात वापरतात. एरंडेल तसे वाळत नाही. ते महिनोन्‌महिने ओलेच राहते. आपल्या वऱ्हाडात ही दोन्ही पिके परिचयाची. शेताच्या धुऱ्यावर एरंड आणि रब्बीत जवस. परंतु एकाचे तेल दार चमकविते आणि दुसऱ्याचे माशी धरते.

आता यंत्र. ते समजण्यासाठी स्वयंपाकघरातील पाक आठवावा. तिळगुळासाठी केलेला गुळाचा पाक आचेवर असतो, तेव्हा झाऱ्यावरून पाण्यासारखा ओघळतो. तोच निवू लागला, की बोटांत धरून ओढताच तार येते, आणि झारा पातेल्यातच अडकून बसतो. राळ-एरंडेलाचे मिश्रणही असेच वागते. गरम असेपर्यंत ते वाहते. चिकटपणाचा खरा जोर त्याला निवल्यावर येतो. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. मिश्रणाला स्पर्श करणारा यंत्राचा प्रत्येक भाग गरम ठेवावयाचा, म्हणजे तो अडकत नाही. आणि निवलेल्या मिश्रणाला यंत्राच्या कोणत्याही भागाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही.

अशा यंत्राची सर्वसाधारण रचना पुढीलप्रमाणे असते. एका टोकाला कागदाचे मोठे भेंडोळे बसविलेले असते. साधा कागद तेल पिऊन टाकील आणि वरचा थर कोरडा पडेल. म्हणून भेंडोळ्यातून निघालेल्या कागदावर प्रथम सरसाचा पातळ हात दिला जातो. तो वाळला, की कागदाची छिद्रे बुजतात. यानंतर कागदाच्या कडांवर मेणयुक्त मिश्रणाची अरुंद पट्टी उमटविली जाते. ही पट्टी म्हणजे जणू शेताचा बांध! बांधाने पाणी अडावे, तसे या मेणाने चिकट मिश्रण आत अडते व ते टेबलावर किंवा भिंतीवर ओघळत नाही. थम बंधूंच्या कागदाची खरी करामत या मेणाच्या काठात होती, असे मला वाटते. चिकट पदार्थ कोणीही करील; परंतु त्याला जागच्या जागी राहावयास लावणे कठीण.

पुढे मिश्रणाची कढई येते. राळ पेट घेणारी असल्यामुळे कढईखाली उघडा जाळ करीत नाहीत. तिच्या दुहेरी भिंतींमधून वाफ खेळवून ती तापवितात. कढईत अर्धवट बुडालेला एक गरम रूळ फिरत असतो. तो आपल्या अंगावर मिश्रण घेतो आणि वरून जाणाऱ्या कागदाच्या एका बाजूस लावतो. रुळाची लांबी कागदाच्या रुंदीहून कमी ठेवतात, म्हणजे काठ कोरडे राहतात. येथून पुढे कागदाच्या चिकट बाजूला काहीही शिवत नाही. त्याला पुढे ओढणारी चाके एकतर कोऱ्या पाठीला स्पर्श करतात, नाहीतर कोरड्या काठाला. सुरी जेथे कागद कापते, तेथेही मिश्रण लावलेलेच नसते. ज्याप्रमाणे सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाऊल न ठेवता आपण कडेकडेने जातो, त्याप्रमाणे हे यंत्र कडेकडेने काम करते.

शेवटी दोन कागद तोंडाला तोंड लावून एकावर एक ठेवतात. हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चिकटाला चिकट लावले, तर ते सुटणार कसे? परंतु मिश्रण कागदाला जितके घट्ट धरते, तितके ते स्वतःला धरीत नाही. दोन्ही कागद हळूहळू ओढले, की थर मधोमध फाटतो, आणि अर्धा या कागदावर, अर्धा त्या कागदावर राहतो. भाकरीवर लोणी लावून दुसरी भाकरी त्यावर दाबा आणि मग दोन्ही वेगळ्या करा. कोरडी कोणतीच निघणार नाही.

आज या यंत्रांचे रूप बदलले आहे. कागदाच्या जागी प्लॅस्टिकचा पत्रा आला, राळ-एरंडेलाच्या जागी बहुधा कारखान्यात बनविलेले गोंद आले. वितळलेला गोंद अरुंद फटीतून पत्र्यावर पसरविला जातो, थंड रुळावर पत्रा निवतो, आणि त्यावर सिलिकोनचा लेप दिलेला गुळगुळीत कागद झाकण म्हणून बसतो. सिलिकोनला गोंद धरत नाही. म्हणून हे झाकण नखाने सोलून काढता येते. तत्त्व मात्र जुनेच : गरम असताना पसरवा, निवल्यावर शिवू नका.

हा पत्रा आज घरापेक्षा शेतात अधिक दिसतो. अचलपूर-परतवाड्याकडून चांदूर बाजाराकडे जाताना संत्र्याच्या बागांत किंवा कपाशीच्या शेतांत काठीला बांधलेली पिवळीधमक कार्डे तुम्ही पाहिली असतील. पांढरी माशी, मावा, तुडतुडे हे किडे पानांतील रस शोषतात. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते. परंतु ती अंगातून जो गोड द्राव टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते व पाने काजळल्यासारखी होतात. संत्र्यावरील अशाच रोगाला आपले शेतकरी ‘कोळशी’ म्हणतात. या किड्यांना पिवळ्या रंगाची ओढ असते. कोवळ्या पालवीच्या रंगाशी तो जुळतो म्हणून, असे मानतात. फुलकिड्यांसाठी निळे कार्ड वापरतात.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. या कार्डांनी शेतातील सगळी कीड मरत नाही. त्यांचे मुख्य काम निराळे आहे : कीड आली किंवा नाही, आणि वाढते आहे की घटते आहे, हे ती सांगतात. कार्डावर किडे वाढलेले दिसले, की शेतकऱ्याने पाने उलटून किडे मोजावयाचे. कपाशीच्या एका पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. तोवर विषारी औषध फवारण्याचे कारण नाही.

हे मोजणे क्षुल्लक वाटेल, परंतु तसे नाही. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत कीटकनाशके फवारताना अनेकांना विषबाधा झाली. शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात गेले. वीसच्या आसपास माणसे दगावली. ज्यांनी पाठीवर पंप घेतला होता, त्यांतील बहुतेक रोजंदारीवर राबणारी माणसे होती. जी फवारणी टाळता येते, तिचे विष कोणाच्याही नाकातोंडात जात नाही.

कार्ड लावताना ते पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर राहील असे बांधावे आणि पीक वाढेल तसे वर सरकवावे. धूळ व किडे यांनी ते भरून गेले, की बदलावे. धुळीने भरलेले कार्ड म्हणजे माझा तो रोगणाचा पुठ्ठाच. गरजेपेक्षा अधिक कार्डे लावू नयेत, कारण मावा खाणारा ढालकिडा आणि मधमाशी हे आपले मित्रही त्यावर अडकतात. घरातील पट्टीही भिंतीला लागून टांगू नये. तिच्यावर पाल चिकटल्याचे मी दोनदा पाहिले आहे, आणि ते दृश्य चांगले नव्हते.

विकतचे कार्ड परवडत नसेल, तर रिकाम्या डब्याचा पत्रा सपाट करून, पिवळा रंग देऊन, वाळल्यावर त्यास एरंडेल फासले तरी काम भागते. तेल मात्र वरचेवर लावावे लागते. आमच्या शाळेतील मुलांनी असे पत्रे कुंपणाजवळ लावले होते. दर शनिवारी किडे मोजून ते आकडे फळ्यावर लिहीत. विकतचे कार्ड हाताळताना हाताला गोंद लागला, तर मुले प्रथम नळाकडे धावत. पाण्याने तो जात नाही, उलट धूळ मात्र बसते. थोडे गोडेतेल घेऊन हात चोळावे. गोंद तेलात विरघळतो. मग राखेने किंवा साबणाने हात धुवावे.