कोरोना प्रयोगशाळेतून आला का? प्रश्न विचारावा, पण नीट विचारावा

वस्तीत आरोग्याची बैठक असली की रक्तदाब, साखर, बाळाच्या लसी यांवर बोलून होते आणि उठताउठता कोणीतरी विचारतेच, "सिस्टर, तो कोरोना चीनने मुद्दाम सोडला होता ना?" लगेच दोन तट पडतात. एकाला सगळे आधीच ठाऊक असते. दुसरा म्हणतो, अफवा पसरवू नका. आम्हाला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. ज्यांच्या घरचे माणूस ऑक्सिजनवाचून गेले, त्यांना हा विषाणू आला कुठून हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

मात्र या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. विषाणू मुद्दाम सोडला का? प्रयोगशाळेत त्यात फेरफार केला का? की नमुने हाताळताना एखाद्या कर्मचाऱ्याला नकळत लागण झाली आणि तो तसाच घरी गेला? पहिल्याला कसलाही पुरावा नाही. हे जैविक शस्त्र म्हणून बनवलेले नव्हते, असे अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनीही 2021 मध्ये सांगितले. तिसऱ्याला मात्र हसून चालणार नाही, कारण तसे पूर्वी घडलेले आहे.

1978 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॅनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार बाईंना देवी आल्या. त्या काम करत त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, देवीच्या विषाणूवर संशोधन चाले. देवीने झालेला तो जगातला शेवटचा मृत्यू. 2004 मध्ये बीजिंगच्या प्रयोगशाळेतून सार्स बाहेर आला. नऊ जणांना लागण झाली आणि मृत्यू झाला तो तिथे काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या आईचा. सोव्हिएत रशियात 1979 साली स्वर्डलोव्हस्क येथील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत पसरला आणि किमान 66 माणसे गेली. सरकार मात्र खराब मांसाला दोष देत राहिले. खरे कबूल व्हायला 1992 साल उजाडले.

आता वुहान. तिथल्या विषाणू संस्थेत वटवाघळांतील कोरोना विषाणूंवर अनेक वर्षे काम चालू होते, म्हणून शंका येणे साहजिक आहे. पण त्या संस्थेकडील, माहीत असलेला सर्वांत जवळचा विषाणू कोरोनाशी सुमारे 96 टक्केच जुळतो. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. सुमारे तीस हजार अक्षरांच्या जनुकीय लिपीत ती हजाराहून जास्त अक्षरे होतात, आणि एवढा फरक पडायला निसर्गात काही दशके लागतात. उलट डिसेंबर 2019 मधले सुरुवातीचे बरेच रुग्ण हुआनान बाजाराशी संबंधित होते किंवा त्याच्या आसपास राहणारे होते. तिथे रॅकून डॉगसारखे जिवंत जंगली प्राणी विकले जात. पण लागण झालेला प्राणी कोणाच्या हाती लागला नाही. 1 जानेवारी 2020 ला बाजारच बंद झाला. आमचे मत बाजाराकडे झुकते. तरी खात्रीचा शिक्का मारण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

चर्चेचे खरे नुकसान झाले ते तिचे दार लावल्याने. फेब्रुवारी 2020 मध्ये 27 शास्त्रज्ञांनी लॅन्सेटमध्ये पत्र लिहून नैसर्गिक उगमाखेरीजचे तर्क हे कटाच्या कहाण्या ठरवून धिक्कारले. त्यांतल्या पीटर डॅझॅक यांच्या संस्थेचे वुहानच्या संस्थेबरोबर काम होते, हे पत्रात नव्हते. 2021 मध्ये लॅन्सेटला तशी पुरवणी छापावी लागली. त्याच वर्षी फेसबुकने विषाणू मानवनिर्मित असल्याचे लिहिणाऱ्यांच्या पोस्ट काढून टाकायला सुरुवात केली आणि मे महिन्यात तो नियम मागे घेतला. दाबलेल्या प्रश्नावर लोकांचा विश्वास वाढतोच, यात नवल ते काय?

वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे कळेल. एकाच आठवड्यात ऑपरेशनच्या तीन जखमा चिघळल्या तर आधी ऑटोक्लेव्हचे रजिस्टर उघडतात. रजिस्टर उघडणे हा आरोप नसतो. पण आधीच कोणाला मेमो द्यायचा ते ठरले असेल, तर नोंदी नीट सापडत नाहीत. सुई टोचलेली पोरगीसुद्धा मग गप्प बसते. वुहानचे तेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने जून 2025 च्या अहवालात म्हटले, की उपलब्ध पुरावा प्राण्यांकडे झुकतो, पण मागितलेली माहिती चीनने दिली नाही, म्हणून प्रयोगशाळेची शक्यता तपासताही येत नाही आणि वगळताही येत नाही.

म्हणून आमच्या बैठकीत या विषयावर बोलणाऱ्याने तीनपैकी कोणता प्रश्न आहे ते आधी सांगायचे, अशी रीत पाडली आहे. मोबाइलवर आलेला मजकूर वाचायचा तर मूळ कोणाचा तेही सांगायचे. डॉक्टर बोलले म्हणून चर्चा संपत नाही. आणि माणसांच्या जमातीवर घसरायचे नाही, इथे आम्ही लगेच थांबवतो. 2020 मध्ये ईशान्य भारतातल्या मुलामुलींना रस्त्यात "कोरोना" म्हणून हिणवले गेले. तबलिगींवर खापर फुटले. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतही धोकादायक विषाणूंवर काम होते. ते व्हायलाच हवे, त्याशिवाय तपासण्या आणि लसी येणार नाहीत. पण देशातल्या अशा कोणत्याही प्रयोगशाळेत पिंजरे धुणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या माणसाला ताप आला, तर त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते आणि ते कोण पाहते? पुढच्या बैठकीत हा प्रश्न आम्ही घेणार आहोत.