शेणातला वायू : जळला तर चाकर, सुटला तर वैरी

सकाळी गोठा झाडायचा, शेण पाटीत भरायचे आणि उकिरड्यावर नेऊन टाकायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे घरोघर चालत आले आहे. उकिरड्यावर शेणाचे खत होते, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण खत होता होता त्यातून एक वायू निघून जातो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे नाव मिथेन. हा वायू शेगडीत जळला तर घरधनिणीचा चाकर होतो. मोकळा सुटला तर मात्र पाऊसपाण्याचा वैरी होतो. शेतकरी बंधुभगिनींनो, त्याची थोडी ओळख करून घेऊ या.

हा वायू येतो कुठून?

ओला पालापाचोळा, शेण किंवा मैला हवा पोचत नाही अशा जागी कुजला, की डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू त्यापासून मिथेन तयार करतात. इटलीतल्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली एका मोठ्या सरोवराकाठच्या दलदलीतून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे पुढे दाखवून दिले.

अशीच एक दलदल आपल्या गाई-म्हशींच्या पोटात असते. तिथे चारा मुरतो, आंबतो आणि मिथेन तयार होतो. तो मागच्या बाजूने जातो असा पुष्कळांचा समज आहे. खरे तर बहुतेक सगळा वायू ढेकरेबरोबर तोंडातूनच बाहेर पडतो. आपण पैसे मोजून घातलेल्या वैरणीची काही ताकद अशी हवेत जाते. नुसत्या वाळल्या कडब्यावर ठेवलेले जनावर दूध थोडे देते आणि लिटरमागे वायू जास्त सोडते. हिरवी वैरण, लसूणघासासारखा द्विदल चारा आणि बेताची पेंड मिळाली, की दूध वाढते आणि लिटरमागे जाणारा वायू कमी होतो.

पाण्याने भरलेली भाताची खाचरे, शहरातले कचऱ्याचे डोंगर, कोळशाच्या खाणी आणि तेलाच्या विहिरी ही मिथेनची आणखी काही उगमस्थाने.

त्याने बिघडते काय?

थंडीत गोधडी पांघरली की अंगची ऊब अंगालाच राहते. हवेतले काही वायू पृथ्वीला असेच पांघरूण घालतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यातला मुख्य. पण वजनाला वजन धरले, तर वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन त्याच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हवेत जितका मिथेन होता, त्याच्या अडीच पटींहून अधिक तो आज आहे. जमीन-समुद्र तापले की पावसाचे गणित विसकटते, आणि त्याचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतो.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे हवेत राहतो, तर मिथेन बारा वर्षांच्या आसपास विरून जातो. म्हणजे आज कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. भारत त्यात सामील झाला नाही. आपल्याकडचा पुष्कळसा मिथेन जनावरे आणि भात यांतून, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याच्या साधनांतून येतो, हे त्यामागचे एक कारण. जनावरे विका, असे कुणी सांगू नये. पण ज्यात आपलाच फायदा आहे, ते का सोडावे?

फायद्याचा हिशेब

जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबरगॅस तयार केला आणि १९६० नंतरच्या काळात खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. १९८४ साली कमी खर्चाचा, विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधू’ नमुना आला. देहूला १९५९ साली सरकारी डॉक्टर म्हणून आलेले डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅसची संयंत्रे करून दाखवली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. चार-पाच मोठ्या जनावरांचे रोजचे ५० किलो शेण तितक्याच पाण्यात कालवून घातले, तर दोन घनमीटर गॅस होतो. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर निघतो. गॅस पुरता मिळाला तर महिन्याकाठी दीड सिलिंडरहून अधिक बचत होते. थंडीत तो कमी पडतो, हेही ध्यानात ठेवावे. फुंकणी सुटते, डोळ्यांतले पाणी थांबते, सरपणाची पायपीट वाचते. आणि शेण काही वाया जात नाही. बाहेर पडणारी रबडी हे उत्तम खत असते.

मात्र संयंत्र गळके असेल तर सगळेच उलटे होते. उकिरड्यावर जितका वायू सुटला नसता, तितका फुटक्या टाकीतून सुटतो. म्हणून सांधे आणि नळ्या साबणाच्या फेसाने तपासा. काडी पेटवून कधीही तपासू नका. गॅस उरला तर मोकळा सोडू नका, शेगडीवर पाणी तापवा.

उन्हाळी भाताला पाणी हाताशी असेल, तर खाचर सतत तुडुंब ठेवू नये. लावणीनंतर रोप धरले, की पाणी आटू द्यावे. ते जमिनीखाली वीतभर गेले की पुन्हा भरावे. फुलोऱ्यात मात्र ओल तुटू देऊ नये. पाणी वाचते, मिथेनही बराच घटतो आणि नीट सांभाळले तर उतारा घटत नाही.

एक गोष्ट जिवाची

एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. असे पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला.

अशा खड्ड्यात मिथेनबरोबर दुसरे विषारी वायू असतात आणि श्वासाला लागणारा प्राणवायू उरत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, हाक मारायलाही सवड मिळत नाही. म्हणून गोबरगॅसच्या टाकीत किंवा शेणाच्या खड्ड्यात कुणीही उतरू नये. आत कुणी पडले तर मागोमाग उडी घेऊ नये, अग्निशामक दलाला बोलवावे. खड्ड्याला झाकण आणि कुंपण असावे, आणि घरातल्या पोरांना हे आजच सांगून ठेवावे.