गिरणीतून किनाऱ्यावर आलेलं रीळ

येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावरून नाकासमोर पश्चिमेला निघालं, तर सुमारे ३०० किलोमीटरवर काशीद-मुरुडचा किनारा लागतो. तिकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, आलेला माणूस वाळूत पाय रोवून उभा राहतो. हातात १२-१३ फुटी काठी, काठीला रीळ, आणि तंगुसाच्या, म्हणजे मासेमारीच्या बारीक दोरीच्या, टोकाला आमिष लावलेली गरी व शिशाचं वजन. अंग पिळून तो काठी पुढे झटकतो आणि शिसं फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जाऊन पडतं. मधल्या चार-पाच सेकंदांत त्या रिळात जे घडतं, ते मला अजून नवलाचं वाटतं.

समुद्र न पाहताही ते समजून घेता येईल. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ घ्या, त्यात पेन्सिल घाला आणि दोरा आडवा ओढा. रीळ गरागरा फिरतं. ओढणं एकदम थांबवा. रीळ मात्र थांबत नाही, फिरत राहतं आणि सैल दोऱ्याचा गुंता करून ठेवतं. आता तेच रीळ घट्ट धरा आणि दोरा त्याच्या टोकावरून पुढे ओढा. रीळ जागचं हलत नाही, दोरा वेटोळी घेत सुटतो, आणि हात थांबला की तोही थांबतो.

समुद्रकिनाऱ्यावरची दोन मुख्य रिळं म्हणजे हेच दोन प्रयोग. पहिल्यात तंगूस गुंडाळलेली गुंडी स्वतःच फिरते. हे फिरत्या गुंडीचं रीळ, ज्याला मल्टिप्लायर म्हणतात, ते १९व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीत नावारूपाला आलं. तिथला जॉर्ज स्नायडर घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर होता. दांडी एकदा फिरवली की दातेरी चाकांमुळे गुंडी अनेकदा फिरते, ही घड्याळजीचीच करामत. दुसरं, स्थिर गुंडीचं रीळ, इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थचं. हा लोकरीच्या कापड उद्योगातला माणूस. कांडीच्या टोकावरून सूत किती सहज सुटतं ते त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. १९०५ साली त्याने तसं रीळ पेटंट केलं. बार्शी-सोलापूरकडच्या गिरण्यांत ताणा भरताना ज्यांनी जागच्या जागी उभ्या कोनांवरून सूत सुटताना पाहिलंय, त्यांना हे रीळ परकं वाटणार नाही.

आता वेगाचा हिशेब पाहा. हवेचा अडथळा नाहीच असं धरलं, तरी १०० मीटर दूर जायला शिशाला सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरहून जास्त वेगाने सुटावं लागतं. मल्टिप्लायरची गुंडी ४ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर तिला तेव्हा सेकंदाला अडीचशेच्या घरात फेरे मारावे लागतात. मिनिटाला १५ हजार! हवेमुळे शिसं लगेच मंदावतं, पण गुंडीला त्याचा पत्ता नसतो; ती तशीच फिरत राहून गुंता करते. म्हणून काही रिळांत लोहचुंबक बसवतात. चुंबकाजवळून फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गुंडीत वीजप्रवाहाचे भोवरे उठतात आणि तेच तिला मागे खेचतात. चुंबक गुंडीला शिवतसुद्धा नाही. गुंडी जितकी वेगात, तितकी ही ओढ जास्त.

काठी आणि रीळ यांची जोडी जमते किंवा बिघडते ती मात्र तंगूस ज्यांतून ओवलेला असतो त्या काठीवरच्या कड्यांपाशी. स्थिर गुंडीवरून तंगूस मोठमोठी वेटोळी घेत सुटतो. पहिलंच कडं लहान असेल तर ती वेटोळी त्यावर आपटतात, घासतात आणि शिशाचा वेग खातात. म्हणून अशा काठीचं पहिलं कडं रुंद आणि रिळापासून बरंच लांब असतं, पुढची कडी क्रमाने लहान होत जातात, आणि शेंड्यापर्यंत वेटोळ्यांची सरळ रेघ झालेली असते. मल्टिप्लायरचा तंगूस मुळातच सरळ निघतो, त्याला लहान कडी पुरतात. पण ते रीळ काठीच्या पाठीवर बसतं. मासा ओढू लागला की वाकलेल्या काठीला तंगूस घासू नये म्हणून कडी जास्त, आणि शेंड्याकडे दाट लागतात. एकाची काठी दुसऱ्याला दिली तर फेक होते, पण दोन्ही कसाला उतरत नाहीत.

स्थिर गुंडी काठोकाठ, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरावी. अर्धी भरलेली असेल तर प्रत्येक वेढा उंच कड चढून बाहेर येतो आणि अंतर घटतं. फेकीचा झटका सोसायला पुढे जाड तंगुसाचा तुकडाही हवाच. ३५ शतांश मिलिमीटरचा बारीक तंगूस १५० ग्रॅम शिशाच्या जोरदार झटक्यात तुटला, तर सुटलेलं शिसं शेजारच्या माणसाला जिवे मारू शकतं.

पहिल्यांदाच किनाऱ्यावर जाणाऱ्याने स्थिर गुंडीचं रीळ घ्यावं, असं मी सांगेन. कोकणात दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून थेट तोंडावर येतो. समोरच्या वाऱ्यात शिसं आणखी लवकर मंदावतं, आणि नेमकं तेव्हाच फिरत्या गुंडीला आवरायला सरावलेला अंगठा लागतो.