भिंतींना आवाजही असतो

भिंतींना कान असतात असं आपण म्हणतो. भिंतींना आवाजही असतो, हे मला माझ्या आईमुळे कळलं. काचबिंदूनं तिची दृष्टी हळूहळू गेली, तरी आमच्या जुन्या वाड्यात ती काठीशिवाय वावरायची. पुढे वाडा पाडला, आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात ती दोनदा दारावर आपटली. वैतागून म्हणाली, "अरे, तुझं हे घर बोलतच नाही. वाड्यात ओसरी संपून माजघर आलं, की माझ्या पावलांचा आवाज बदलायचा."

घर किती चौरस फुटांचं, उजेड कसा, हे सगळं मी पाहिलं होतं. ते ऐकायचंही असतं, हे माझ्या गावी नव्हतं.

जगात काही कलावंतांनी नेमकं हेच काम केलं आहे. त्यांच्या कलेला साउंड इन्स्टॉलेशन, म्हणजे ध्वनीचं मांडणशिल्प म्हणतात. मैफलीत आपण एका जागी बसतो आणि गाणं सुरू होऊन संपतं. इथे आवाज एका जागेत मांडलेला असतो आणि आपण त्यातून चालतो.

यामागचं शास्त्र आपल्या न्हाणीघरातही सापडतं. तिथे गुणगुणताना एखादा सूर एकदम भरदार लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. समोरासमोरच्या भिंतींत १.७ मीटर अंतर असेल, तर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणून सेकंदाला १०० कंपनं असलेल्या सुराची परतणारी लाट नव्या लाटेला अचूक गाठते आणि तो सूर फुगतो. प्रत्येक खोलीचे असे काही लाडके सूर असतात.

अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिए यांनी १९६९मध्ये याच गोष्टीची कलाकृती केली. 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' हे तिचं नाव. खोलीत बसून त्यांनी काही वाक्यं ध्वनिमुद्रित केली. ती फीत त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केली, मग ती नवी फीत, असं अनेकदा. दर खेपेला खोलीनं आपले सूर वाढवले, बाकीचे गिळले. शेवटी शब्द विरघळले आणि खोलीचा नाद उरला. लुसिए बोलताना अडखळत असत. तो अडखळही खोलीनं आपल्यात सामावून घेतला.

मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, रस्त्यातल्या लोखंडी जाळीखालून घंटेच्या घुमण्यासारखा एक अखंड नाद सोडला. पाटी मुद्दाम लावली नाही. ज्याला ऐकू येईल, त्याला तो आपणच शोधल्यासारखा वाटावा, एवढाच हेतू. १९९२मध्ये तो थांबला आणि २००२मध्ये पुन्हा सुरू झाला.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते ऑस्ट्रियाचे बर्नहार्ड लाइटनर, कारण ते मुळात वास्तुरचनाकार. दगड, लाकूड, तसाच आवाज हेही बांधकामाचं साहित्य, असं त्यांनी मानलं. १९७५मध्ये त्यांनी आरामखुर्चीत ध्वनिवर्धक बसवले. त्यात आडवं झालं, की शरीराच्या लांबीनं सरकणारा आवाज अंगाला जाणवतो. ऐकणं फक्त कानांचं नसतं, गुडघेही ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. हसू नका. मिरवणुकीतला ढोल आधी छातीतच वाजतो ना? पॅरिसच्या ला व्हिलेत बागेतल्या बांबूंच्या बनात त्यांनी १९८७मध्ये काँक्रीटची दुहेरी भिंतीची, गोल ध्वनिवास्तू उभारली. तिच्या सच्छिद्र भिंतींमागे २४ ध्वनिवर्धक आहेत. आत उभं राहिलं, की आवाज आपल्याभोवती फिरतो आणि न दिसणाऱ्या भिंती रचतो.

हे सगळं मी वाचलं ते आईच्या त्या वाक्यानंतर. तिला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. पण तिनं काय केलं? मी माळ्यावर टाकलेलं वाड्यातलं लंबकाचं घड्याळ पॅसेजच्या टोकाला लावायला सांगितलं. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरायला लावली आणि पॅसेजची फरशी उघडी ठेवली. पावलं वाजू लागली की पॅसेज आला. टिकटिक समोरून आली की तिची खोली समोर, डावीकडून आली की स्वयंपाकघरात शिरायचं. दोन आठवड्यांत ती पुन्हा काठीशिवाय फिरू लागली.

आई आता नाही. घड्याळ तिथेच आहे. रात्री वीज गेली, की मीही त्याच्या टिकटिकीवर वाट काढतो.

तुम्ही नवं घर बघायला जाल, तेव्हा रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहा. त्या घरात उद्या तुमचंही म्हातारपण राहायला येणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)