पहिल्या पगारापर्यंतची मुंबई



माझ्या ओळखीतला एक मुलगा बी.कॉम. झाला आणि परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. निघताना आईने बचत गटातून उचललेले आणि घरात साठवलेले असे मिळून ५०,००० रुपये त्याच्या हाती दिले होते. तिसरा महिना सरता सरता तो परत आला. “मुंबईत आपल्याला कुणी विचारत नाही,” एवढेच घरी म्हणाला. पुढच्या पंधरवड्यात त्याला एका कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले. पण तेव्हा पुन्हा जाण्याइतके पैसे घरात उरले नव्हते.

हा मुलगा हुशारीत कमी पडला असे मला वाटत नाही. मेहनतीतही नाही. तो दिवसांत कमी पडला. महागड्या शहरात अनुभव नसलेल्या माणसाला नोकरी मिळत नाही असे नाही. ती उशिरा मिळते. तोवर तिथं टिकायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याविषयीच मी आज बोलणार आहे.

आता कुणी म्हणेल, पूर्वीची माणसे कशी गेली? त्यांच्याकडे तर पन्नास हजार काय, पन्नास रुपयेही नसत. ही गोष्ट खरी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १९११ च्या जनगणनेत मुंबई शहरातल्या दर पाच माणसांपैकी सुमारे चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला कापड गिरणीतल्या साच्याचा अनुभव कुठून असणार? तरी तो टिकला, कारण त्याला तीन आधार होते.

पहिला आधार गावकीच्या खोलीचा. लालबाग-परळच्या चाळींतून गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस माणसे राहत. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. खिळ्याला ट्रंकेएवढी जागा आणि पथारीपुरती जमीन, एवढाच संसार. पण तिथं शिरताना कुणी डिपॉझिट मागत नसे.

दुसरा आधार खानावळीचा. गिरणगावातल्या कितीतरी बायांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चुलीपुढे बसून एकट्या पुरुषांना जेवू घातले. पैसे पगार झाल्यावर द्यायचे. म्हणजे नव्या माणसाचा पहिला महिना ही बाई आपल्या अंगावर घेई, आणि त्यासाठी वाण्याची उधारी किंवा सावकाराचे व्याज सोशी. याच खानावळवाल्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

तिसरा आधार ओळखीचा. काका किंवा मामा आधीपासून गिरणीत असे. तो जॉबरला सांगे, “पोरगा आपला आहे.” मग पोरगा बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहायचा, कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी आत जायचा आणि काम करता करताच काम शिकायचा. हे सगळे गोड होते असे कुणी समजू नये. जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, आणि ज्याची जात वा गाव आड येई त्याला ही दारे सहज उघडत नसत. पण ज्याला ती उघडली, त्याच्या अनुभवाची जागा दुसऱ्याच्या शब्दाने भरून काढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या काळात एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि गिरण्यांबरोबर हे तिन्ही आधार खचले. आता त्यांची जागा कशाने घेतली ते पाहा. खोलीच्या जागी डिपॉझिट आले, उधारीच्या खानावळीच्या जागी आगाऊ पैसे घेणारी मेस आली आणि काकाच्या शब्दाच्या जागी अनुभवाचा दाखला आला. पूर्वी शहर नव्या माणसाला आधी उधार देई आणि मागून वसूल करी. आता ते आधी घेते. म्हणून आजच्या मुलाने निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसले पाहिजे.

हिशेब कसा करायचा, ते सांगतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा, तिघांनी मिळून कल्याणच्या बाजूला १५,००० रुपये भाड्याची जागा घेतली. डिपॉझिट तीन महिन्यांचे, म्हणजे ४५,०००. दलालाला एक महिन्याचे भाडे. एकेकाच्या वाट्याला भाडे ५,०००, डिपॉझिट १५,०००, दलाली ५,०००, मिळून २५,०००. मेस, पास आणि वरखर्च ६,०००. पहिल्याच महिन्यात ३१,००० गेले! पुढे दरमहा ११,०००. आता नोकरी दुसऱ्या महिन्यात ठरली आणि तिसऱ्याच्या पहिल्या तारखेला माणूस रुजू झाला, असे धरू. हे नशीब बरे असल्याचे लक्षण. तरी पहिला पगार हाती यायला चौथा महिना उजाडतो, आणि तोवर ५३,००० रुपये खर्च झालेले असतात. आमच्या परभणीच्या मुलाचे गणित नेमके इथेच चुकले. त्याने भाडे मोजले होते, डिपॉझिटही मोजले होते. पण पगार कामाच्या महिन्यानंतर येतो, हे त्याने मोजलेच नव्हते.

आता तोच मुलगा सुरुवातीला कॉट बेसिसवर राहिला असता तर? समजा, एका खाटेचे भाडे ६,००० आणि डिपॉझिट एका महिन्याचे. महिन्याच्या भाड्यात ही खाट एक हजाराने महागच पडते. पण पहिल्या महिन्यात १८,००० आणि पुढे दरमहा १२,००० या हिशेबाने तेच ५०,००० रुपये तीन महिने पुरून वर वीस दिवस उरतात. मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा तो मुंबईतच असता. एवढ्यासाठी म्हणतो, नोकरी नसताना भाडे किती हे एकटे पाहू नका. आत शिरायला किती लागते आणि सोडताना किती अडकते, ते पाहा.

जागेच्या कराराविषयीही दोन शब्द सांगतो. मुंबईत बहुधा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार करतात. “अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?” असे कुणी म्हणाले तर ते खरे मानू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुसरे, करारात लॉक-इन काळ आहे का ते वाचा. त्या मुदतीआधी जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचे भाडे मागितले जाते. नोकरी कुठे लागणार हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने असा काळ स्वीकारू नये.

कारण मुंबईत जागा स्वस्त की महाग हे रेल्वेची लाईन ठरवते. चर्चगेटहून विरार ६० किलोमीटर, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याण सुमारे ५४. महिन्याचा पास खिशाला झेपतो, म्हणून माणूस दूर जागा घेतो. पण पासावर न दिसणारी किंमत वेळेची असते. राहणे कल्याणला आणि काम अंधेरीला असले, की रोज दादरला उतरून, जिना चढून, पश्चिमेच्या गाडीत घुसायचे. घरापासून कामापर्यंत जाऊन-येऊन चार तास. असा नवखा माणूस संध्याकाळी काही शिकू शकत नाही आणि दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीलाही जाऊ शकत नाही. तेव्हा आधी काम ठरवावे, मग त्याच लाईनवर जागा पाहावी.

राहिला अनुभवाचा प्रश्न. “अनुभव आहे का?” असे मालक विचारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा तीन शंका असतात. हा वेळेवर येईल का? अडले तर विचारील का, की चूक दडवील? आणि शिकवून तयार केल्यावर चौथ्या महिन्यात सोडून जाईल का? या शंकांना कागदावर उत्तर देता येते. मुलाने चुलत्याच्या कृषी सेवा केंद्रात दोन हंगाम खताचा साठा आणि उधारीची वही सांभाळली असेल, तर तो अनुभवच आहे. गणेश मंडळाची वर्गणी आणि खर्च याचा ताळेबंद मांडला असेल, तर तोही. मात्र “मेहनती आहे” असे मोघम लिहू नये. किती महिने, किती खातेदार, किती रुपयांचा हिशेब, हे आकड्यांत लिहावे, आणि ज्याच्याकडे काम केले त्याची विचारून सही-चिठ्ठी घ्यावी. काकाचा शब्द आजही चालतो. तो लेखी हवा, इतकेच. शिकाऊ उमेदवारीचा मार्गही आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली शिकता शिकता विद्यावेतन मिळते. ते थोडे असते, पण पुढच्या मालकाला दाखवायला कागद तयार होतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. नोकरी देण्यासाठी जो नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे आधी मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते असे समजून चालावे. आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नये.

मुलींना हा हिशेब आणखी जड जातो. रात्री उशिरा स्टेशनपासून चालत जावे लागेल अशी जागा त्यांना स्वस्त असूनही चालत नाही. तेव्हा मुलीला पाठवताना घरच्यांनी मुलापेक्षा कमी नव्हे, जास्त दिवसांची तरतूद करावी.

शेवटी घरच्यांना एक विनंती करतो. निघण्यापूर्वीच सगळ्यांनी बसून ठरवावे: किती महिने थांबायचे, आणि कोणत्या तारखेला परत यायचे. ती तारीख आली आणि मुलगा परतला, तर तो हरला असे म्हणू नये. ठरवून परतलेला मुलगा पुन्हा जाऊ शकतो. लाजेने कर्ज काढत राहिलेला मुलगा मात्र धड तिथला राहत नाही आणि इथलाही राहत नाही. आणि रोज संध्याकाळी फोनवर “नोकरी लागली का?” असे विचारू नका. त्या प्रश्नाला मुले खोटे बोलतात. “अजून किती दिवसांचे पैसे आहेत?” असे विचारा. त्याचे खरे उत्तर मिळते, आणि त्यावर घरी बसल्या बसल्याही काहीतरी करता येते.