जनाबाईच्या काळातलं गाव : मध्ययुग मुलांना कसं सांगायचं?



मध्ययुग म्हटलं की मुलांना राजे, किल्ले आणि लढाया आठवतात. सनावळ्या पाठ होतात, पण त्या काळी साधी माणसं कशी जगत होती हे राहूनच जातं. त्यासाठी आपल्या परभणी जिल्ह्यातच एक सोपी वाट आहे. ती म्हणजे गंगाखेडची संत जनाबाई.

जनाबाई तेराव्या-चौदाव्या शतकातली. तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढे वीस-बावीस वर्षांत ते राज्य संपलं. पण जनाबाईच्या अभंगांत लढाया नाहीत. तिथे दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, शेण्या वेचणं आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी ती दासी होती. बाईमाणसाचा दिवस कसा जायचा, हे एवढं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडतं.

आता मुलांना विचारा, जनाबाईच्या भाजीत लाल मिरची होती का? नव्हती! मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग ही सगळी पिकं मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात आले, त्यानंतर ती इकडे आली. त्याआधी तिखटासाठी मिरी आणि आलं. ज्वारी मात्र होती. एवढं सांगितलं तरी वर्ग जागा होतो.

दुसरा मुद्दा कामधंद्याचा. संतांची नावंच बघा ना: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. नावातच व्यवसाय! गावातला कारागीर शेतकऱ्याचं काम वर्षभर करायचा आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. हेच बलुतं. पुढच्या काळात 'बारा बलुतेदार' हा शब्द रूढ झाला. त्याच सुमारास युरोपातही बरेच शेतकरी जमिनीला बांधलेले होते. ते जमीनदाराच्या शेतात ठरलेले दिवस फुकट राबायचे आणि पिकाचा दहावा भाग चर्चला द्यायचे. तिथे माणूस जमिनीला बांधलेला, इथे जातीला.

म्हणूनच 'जुनं गाव किती गुण्यागोविंदाने नांदायचं' एवढंच सांगून थांबू नका. कुंभाराचा मुलगा कुंभारच व्हायचा, त्याला निवड नव्हती. काहींची घरं तर गावकुसाबाहेरच. संत चोखामेळ्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, म्हणजे देवळाच्या बाहेरच. हे ऐकून मुलं "का?" असं विचारतील. विचारू द्या. इतिहासाचा तास त्या प्रश्नासाठीच असतो.

चौथीला 'संतांची कामगिरी' शिकवताना हे सहज जोडता येतं. जमल्यास जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची यादवकालीन देवळं मुलांना दाखवा. दगड कोणी फोडले, कोणी वाहून आणले, त्यांना मजुरी काय मिळाली असेल, यावर त्यांना बोलतं करा.

पालकांनी घरी एवढंच करावं: आजी-आजोबांना 'बलुतं' म्हणजे काय ते मुलांसमोर विचारावं. आपल्या भागात ते स्वतः पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यांचं ऐकून मुलांनी चार ओळी वहीत लिहिल्या, तर तोही इतिहासच झाला.